लोणच्याच्या बरणीतली हरकामी

मी बोलतेय ती बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीतून, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. ओट्याच्या टोकाला, जिथं ऊन थेट येत नाही, तिथं काचेची एक बरणी ठेवलेली आहे. पूर्वी तिच्यात लिंबाचं लोणचं होतं. आता पाणी आहे, पाण्याच्या तळाशी एक काचपट्टी आहे आणि काचपट्टीवर भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं आहे. ते म्हणजे आम्ही. त्यातली मी एक.

मला शोधू नका, मी दिसणार नाही. मी एक पेशी आहे. खसखशीच्या एका दाण्याच्या रुंदीत माझ्यासारख्या पन्नासजणी ओळीनं उभ्या राहतील आणि तरी कुणाचा कुणाला धक्का लागणार नाही.

तळाशी चिकटलेलं ते प्रकरण म्हणजे स्पंज. भांडी घासायचा नव्हे, गोड्या पाण्यात राहणारा जिवंत स्पंज. तो प्राणी आहे, पण त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. अंगभर नुसती भोकं. एकीकडून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घ्यायचं आणि उरलेलं दुसरीकडून सोडून द्यायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. मग मला माणसांचं बोलणं कसं कळतं, असं विचाराल. ओट्यावर राहणाऱ्याला सगळं कळतं. कुकरची शिट्टी झाली तरी पाणी थरथरतं, आणि या घरच्या सत्यवतीबाई बोलल्या तर त्याहून जास्त.

माझा जन्म मात्र इथला नाही. सोसायटीच्या मागे रस्ता ओलांडला की एक तळं लागतं. त्यात कुणीतरी टाकून दिलेली प्लास्टिकची खुर्ची उलटी पडली होती. तिच्या एका पायावर, सावलीच्या बाजूला, तळहाताएवढं आमचं घर होतं.

त्या घरात ज्याची त्याची कामं ठरलेली. शेपटी हलवून पाणी ओढणाऱ्या वेगळ्या, बाहेरची कातडी होऊन बसलेल्या वेगळ्या, काचेच्या बारीक सुया घडवून सांगाडा उभा करणाऱ्या वेगळ्या. मला कुठलंच काम नेमून दिलेलं नव्हतं. मी आतल्या मऊ भागात सरपटत फिरायची. एकीनं पकडलेला घास घ्यायचा, दुसरीला नेऊन द्यायचा. कुठं कुणी मेली, कुठं भोक पडलं, तर तिथं जायचं आणि जी नाहीशी झाली ती व्हायचं. माझ्यासारख्या पुष्कळजणी होत्या. एखादी सकाळी माझ्याबरोबर फिरत असायची आणि संध्याकाळी पाहावं तर कातडीत बसलेली, ओळखही दाखवायची नाही. मला राग यायचा नाही. तिला तिचं काम लागलं होतं.

जानेवारीपासून तळ्याचं पाणी उतरायला लागलं. गाळ काढायचं ठरलं होतं म्हणे. अशा वेळी स्पंज स्वतः मरतो, पण आमच्यासारख्या बिनकामाच्यांची सोय लावून जातो. आम्हाला पोटभर खाऊ घातलं गेलं, पाच-सातशे जणींना दाटीवाटीनं एकत्र बसवलं गेलं आणि भोवती टणक कवच चढलं. ही एक कुपी. अशा शेकडो पिवळसर कुप्या, एकेक खसखशीएवढी. मग बाहेरचं सगळं घर वाळून कुरकुरीत झालं आणि आम्ही आत अंधारात पडून राहिलो.

एप्रिल आला. तळ्यात पाणी उरलं नव्हतं, जेसीबीचा आवाज रोज थोडा जवळ येत होता. गाळाबरोबर खुर्चीही ट्रकमध्ये जाणार होती आणि ट्रक कुठं रिकामा होणार होता देव जाणे. त्या सकाळी कुणीतरी खुर्चीचा पाय उचलला, फिरवून पाहिला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

ते बिंदुमाधव. वय एकाहत्तर, सकाळचं फिरणं कधी न चुकवणारे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले ते परत गेलेच नाहीत. बिंदुमाधव शहरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चौतीस वर्षं अटेंडर होते. बाटल्यांमध्ये बेडूक, साप, तारामासे भरून ठेवायचे, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या, मुलांसाठी काचपट्ट्या तयार करायच्या आणि प्रत्येक बाटलीवर सुंदर अक्षरात नाव लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या वेळी विभागानं मोडीत निघालेला एक पितळी सूक्ष्मदर्शक त्यांना देऊन टाकला. आता ते मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. मुलगा नोकरीसाठी परदेशात, फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची बायको सत्यवतीबाई, दोघंच.

“काय ते?” सत्यवतीबाईंनी दारातच विचारलं.

“जनावर.”

“मला खुर्चीचा पाय दिसायलाय.”

“त्याच्यावर आहे की. वाळलंय, पण आत जीव आहे.”

“मग बाहेर ठेवा. घरात एक जीव सांभाळायलेय मी, तेवढा साकु.”

त्यांच्या मराठीत कन्नड असं न सांगता येऊन बसतं. साकु म्हणजे पुरे, सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे थोडं. मला कुठली भाषा कुठली ते कळत नाही, पण त्या दोघांचं बोलणं पाण्यातून ऐकायला फार गोड लागतं.

बिंदुमाधवांनी आम्हाला खरवडून काढलं, पाणी घालून स्टीलच्या डबीत भरलं आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या रविवारी सत्यवतीबाईंनी गसगसे पायस करायला घेतलं, म्हणजे खसखशीची खीर. डबीचं झाकण उघडलं, मिक्सरचं भांडं पुढं ओढलं.

“अहो, खसखस तुम्हीच भिजवून ठेवलीत? बरं केलंत.”

बिंदुमाधव बाल्कनीत पेपर वाचत होते. एकाहत्तरीचा माणूस एवढ्या वेगानं धावू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर डबीवर सुंदर अक्षरात चिठ्ठी लागली : ‘जिवंत. खाऊ नये.’

ही चिठ्ठी निधीनं वाचली. निधी शेजारच्या फ्लॅटमधली, अकरा वर्षांची. आईबाबा दोघंही बेळ्ळंदूरच्या ऑफिसांत, चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून निधी दिवसभर इकडेच. बिंदुमाधवांना ती अज्जा म्हणायची, सत्यवतीबाईंना अज्जी. थंड पाण्याची बाटली काढायला तिनं फ्रिज उघडला आणि विचारलं, “अज्जा, फ्रिजमध्ये अलाइव्ह काय आहे?”

“दाखवतो. स्वल्प थांब.”

त्याच दिवशी आम्ही लोणच्याच्या बरणीत आलो. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन घालवलेलं. वर सोसायटीच्या बागेतल्या कमळाच्या टबातलं चमचाभर हिरवट पाणी, आमच्या खाण्यासाठी. सहाव्या दिवशी मला आत ऊब जाणवली. कुपीला एक बारीक दार असतं. ते विरघळलं आणि आम्ही एकीमागून एक बाहेर सरकलो.

निधीचा डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटला होता. 

“अज्जा, या चालतायत.”

“चालतात की.”

“यांना काय म्हणतात?”

“आर्किओसाइट.” हा शब्द म्हणताना त्यांचा आवाज जरा ताठ झाला. “ग्रीक आहे. आर्किओ म्हणजे जुनं, पहिलं. साइट म्हणजे पेशी. प्रोफेसर वर्गात सांगत, मी मागं उभा राहून ऐकायचो. चौतीस वर्षं, दर वर्षी ऐकलं.”

“मग या सगळ्यात म्हाताऱ्या आहेत?”

“तसं नव्हे. या अजून काहीच झालेल्या नाहीत. म्हणून पहिल्या.”

माझं नाव मला असं कळलं. खरं सांगते, थोडं जड वाटलं. पण ते त्यांनी ज्या मानानं उच्चारलं त्यामुळे मला आवडलं.

पुढच्या दिवसांत माझ्या बरोबरीच्या बहुतेकजणी कामाला लागल्या. कुणी कातडी झाली, कुणी पाणी ओढू लागली. शेजारपाजारच्या कुप्यांतून निघालेले स्पंज एकमेकांना चिकटून एक झाले. मी आतच फिरत राहिले. निधी रोज चित्र काढायची, खाली तारीख टाकायची, आणि जूनच्या शेवटी तिनं जाहीर केलं की मंडळाच्या कार्यक्रमात ती आमच्यावरच बोलणार.

मंडळ म्हणजे इकडच्या भागातल्या मराठी मंडळींचं. मुलांनी दहा मिनिटं मराठीतून विज्ञान सांगायचं, असा कार्यक्रम होता. मंडळाचे सेक्रेटरी वासुदेव, मूळचे नागपूरचे, नियमाला कडक. प्रत्येक परक्या शब्दाला अर्धा गुण कापणार, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं.

निधीचे बाबा शंतनु हे वाचून कामाला लागले. शंतनु माणूस चांगला, फक्त मुलीचं मराठी बिघडत चाललंय या काळजीनं पछाडलेला. त्यांनी ग्रुपवर विचारलं, आर्किओसाइटला मराठीत काय म्हणावं. त्रेचाळीस उत्तरं आली. आदिपेशी, आद्यपेशी, पुराणपेशी. शेवटी शंतनुंनी स्वतःच एक शब्द तयार केला : अविभेदित बहुक्षम पेशी. निधी तो पाठ करत आमच्या ओट्यापाशी फेऱ्या घालायची आणि दर वेळी ‘बहुक्षम’पाशी अडखळायची.

एका संध्याकाळी शंतनु तिला न्यायला आले. दार अर्धवट उघडं होतं, बापलेक बाहेर बूट घालत होते, आणि इकडे बिंदुमाधव चमच्यानं बरणीत हिरवं पाणी सोडत होते.

“अज्जांनी मला सांगला की पाणी रोज—”

“‘सांगला’ नाही, निधी. ‘सांगितलं’.” शंतनुंचा आवाज अगदी शांत होता. “हे बघ, सायन्स त्यांच्याकडून शीक. मराठी नको. ते धड मराठी नाहीये.”

चमचा बरणीवरच थांबला. एक थेंब पडला. दुसरा पडायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून बिंदुमाधव निधीशी इंग्रजीत बोलायला लागले. फोर ड्रॉप्स ओन्ली. डोंट शेक द जार. निधीला वाटलं, आपलं काही चुकलं. चार दिवस तिनं वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी ओट्यापाशी येऊन सत्यवतीबाईंना विचारलं, “अज्जी, अज्जा माझ्यावर रागावलेत?”

सत्यवतीबाई बीन्स मोडत होत्या. “तुझ्यावर नव्हे ग. तुझे बाबा दारात बोलले ते त्यांनी ऐकलं.”

निधीनंही एक शेंग उचलून मोडली.

“तीस वर्षांमागं एका लग्नाला पुण्याला गेलो होतो आम्ही,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “तिथं हे काहीतरी बोलले आणि एकजण म्हणाला, पुन्हा म्हणा हो तसंच. मग त्यानं आणखी चौघांना बोलावून आणलं, ऐकायला. यांना वाटलं कौतुक आहे, यांनी पुन्हा म्हटलं. सगळे हसले तेव्हा कळलं. परत येईपर्यंत हे रेल्वेत माझ्याशीसुद्धा मराठी बोलले नाहीत. घरात बोलतात, देवापुढं बोलतात. बाहेरच्या मराठी माणसापुढं नाही. तुझ्याशी बोलायले होते, तू लहान म्हणून.”

निधीनं घरी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण शनिवारी सकाळी शंतनु आले. हातात मिठाईचा पुडा होता आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना समजत नव्हतं.

“काका, मी त्या दिवशी तसं म्हणायला नको होतं. म्हणजे माझ्या मनात तसं काही...”

“इट इज ऑलराइट,” बिंदुमाधव हसून म्हणाले. “प्लीज सिट.”

शंतनु बसले, कॉफी प्यायले आणि उठून गेले. राग दिसला असता तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. या इंग्रजीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. हॉल बेळ्ळंदूरच्या बाजूला, अंतर जेमतेम सहा किलोमीटर, म्हणून दीड तास आधी निघालो. शंतनु गाडी चालवत होते. पुढं सत्यवतीबाई, मागं बिंदुमाधव आणि निधी, दोघांमध्ये सीटवर आमची बरणी. बिंदुमाधव यायला तयार नव्हते. सूक्ष्मदर्शक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा लागेल, असं सत्यवतीबाईंनी म्हटल्यावर आले.

पाच मिनिटांत आडव्या आलेल्या स्कूटरसाठी शंतनुंनी ब्रेक दाबला. बरणी सीटवरून सुटली, सूक्ष्मदर्शकाच्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटली आणि फुटली.

पाणी पायपुसण्यात जिरलं. काचपट्टीचे तीन तुकडे झाले, वर काचा पडल्या, आमचं घर चिरडलं. मी एका ओल्या काचेला धरून होते. आसपासच्या सगळ्याजणी आवाज न करता कोरड्या पडत होत्या. कुपीतलं कोरडं पडणं वेगळं, तिथं कवच असतं. इथं काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं.

निधी रडायला लागली. शंतनुंनी गाडी कडेला घेतली आणि मागं वळून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “माझ्यामुळे झालं. माझ्यामुळे झालं.”

“कोणी हलू नका,” बिंदुमाधव म्हणाले.

ते मराठीत म्हणाले. स्वतःच्याही लक्षात न येता म्हणाले.

“निधी, रडू नको ग, अजून काय झालं नाही. ती जास्तीच्या पाण्याची बाटली दे. सत्या, तुझा मलमलचा रुमाल काढ, धुतलेला आहे न? शंतनुराव, तो स्टीलचा पेला धरा. नीट धरा, दोन्ही हातांनी.”

कॉलेजात चौतीस वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात आता भराभर चालले. काचेवरचा एकेक कण त्यांनी निधीच्या पट्टीच्या कडेनं ओढून रुमालात घेतला. रुमालाची पुरचुंडी केली, पेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि हलक्या हातानं पिळली.

काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. मलमलीचे धागे मला दोरखंडांसारखे भासले. त्यांच्यामधून आम्ही एकेकट्या पिळून निघालो. घर म्हणावं असं काही राहिलं नाही. पेल्यातलं पाणी नुसतं धुरकट झालं आणि त्या धुरात मी एकटी तरंगत होते.

“काका, आता काय उरलं यात?” शंतनुंनी विचारलं. 

“सगळं आहे. फक्त सुटं झालंय. कॉलेजात हा प्रयोग आम्ही मुद्दाम करायचो. आज मुद्दाम करायला मी भ्यालो होतो, साधलं नाही तर पोरीचं भाषण जाईल म्हणून. आता गाडी सावकाश चालवा. यांना एक तास तरी पाहिजे.”

“तास तर लागेलच,” सत्यवतीबाई समोरचा रस्ता बघून म्हणाल्या.

लागला. पुढं कुठंसं रस्ता खणलेला होता आणि गाड्या चिकटून उभ्या होत्या. पेला आता निधीच्या मांडीवर होता. बिंदुमाधव तिला सांगत होते, शंतनु आरशातून मागं बघत ऐकत होते. मी हळूहळू तळाशी बसले. एक पाय काढला. आम्हाला पाय नसतात, अंगच पुढं ढकलायचं. ढकललं. कुणीतरी लागली, तिला धरलं. ती कातडीतली होती, घाबरून गोळा झालेली. मग आणखी एक, मग तिघी. सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झाला, गाडी तिथंच, आणि तोवर आम्ही सोळाजणी झालो होतो. शंतनुंना ट्रॅफिकवर न चिडता बसलेलं निधीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. शंतनुंनी मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बसवून चित्र पडद्यावर आणलं. बिंदुमाधवांनी पेल्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला. त्या थेंबात मी होते. पडद्यावर मी केवढी दिसत असेन याची कल्पनाही मला करवत नाही.

निधी छान बोलली. तळं, खुर्ची, डबी, खीर, सगळं सांगितलं. खिरीला लोक हसले. ती बोलत असताना पडद्यावर आमचे दोन पुंजके होते, मध्ये मोकळी जागा. तिचं भाषण संपत आलं तेव्हा ती जागा उरली नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसून ते दाखवलं.

वासुदेव उठले. “छान. पण मला एक सांग, बेटा. हे सुटे झालेले तुकडे पुन्हा जुळतात, तर त्यांना जुळवतं कोण?”

निधीला हे माहीत नव्हतं. तिनं बिंदुमाधवांकडे पाहिलं. ते सूक्ष्मदर्शकापाशी उभे होते, थेंब वाळू नये म्हणून हातात ड्रॉपर घेऊन. सगळा हॉल त्यांच्याकडे वळला.

“सर, ॲक्च्युअली,” ते म्हणाले, “दीज सेल्स आर—”

“मराठीत सांगा न काका,” वासुदेव सहज म्हणाले. “नियम आहे बुवा आमचा.”

बिंदुमाधव थांबले. ड्रॉपरच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमला होता. तो बरोबर आमच्या वर होता. पडला असता तर आम्ही पुन्हा विखुरलो असतो.

तिसऱ्या रांगेतून शंतनु उठून उभे राहिले. त्यांच्या हातात अविभेदित बहुक्षम पेशीची चिठ्ठी होती. ती त्यांनी खिशात घातली.

“काका, मघा गाडीत आम्हाला सांगलात तसंच सांगा,” ते म्हणाले.

बिंदुमाधवांनी त्यांच्याकडे पाहिलं. शंतनुंची जीभ घसरलेली नव्हती, हे त्यांना कळलं. त्यांनी ड्रॉपर बाजूला ठेवला.

“यांना कोणी जुळवत नाही,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, मग वाढला. “स्वल्प सरकायचं, कोण भेटली तर तिला धरायचं, मत्ते आणखी स्वल्प सरकायचं. मत्ते म्हणजे, मग. बाकीच्यांची कामं ठरलेली, त्या घर मोडल्यावर घाबरून बसतात. यांचं काम ठरलेलं नाही, म्हणून या फिरतात. मग बघतात, काय कमी आहे? कातडी नाही? एक म्हणते, मी होते. पाणी ओढायला कोण नाही? दुसरी म्हणते, मी होते. नवीन घर असं उभं राहतं. शास्त्रात यांचं नाव आर्किओसाइट. ते पण लक्षात ठेवा मुलांनो, परीक्षेत तेच विचारतील. पण आमच्या घरात असल्या माणसाला हरकामी म्हणतात.”

मधे कुणीतरी हसलं होतं, ‘मत्ते’ला. पण ‘हरकामी’ला सगळा हॉल एकदम हसला आणि मग टाळ्या वाजल्या. ते हसू आणि पुण्याच्या लग्नातलं हसू एक नव्हतं. सत्यवतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

वासुदेवांनी कागदावर लिहून घेतलं : हरकामी पेशी. मग गुण मोजताना त्यांनी डोकं खाजवलं. निधीनंही भाषणात दोनदा ‘स्वल्प’ म्हटलं होतं. कन्नड शब्द, म्हणजे एक गुण वजा. यावर शंतनु उभे राहिले ते बसेचनात.

“मग स्वल्पविराम कसा चालतो तुम्हाला?”

वासुदेवांनी विचार केला आणि कापलेला गुण परत दिला. निधीचा तिसरा नंबर आला. ‘बहुक्षम’ म्हणावं लागलं नाही याचाच तिला जास्त आनंद झाला होता.

तो थेंब बिंदुमाधवांनी जपून पेल्यात धुतला. घरी आल्यावर सत्यवतीबाईंनी लिंबाचं लोणचं दुसऱ्या डब्यात काढून ही बरणी रिकामी करून दिली, कुरकुर न करता. आता शंतनु रविवारी सकाळी येतात. निमित्त कॉफीचं. मोबाइलवर ते बिंदुमाधवांचे शब्द टिपून घेतात आणि एखादा शब्द पुण्यात पूर्वी होता, नंतर हरवला, असं सापडलं की फार खूश होतात. बिंदुमाधव त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलतात हे सांगायची गरज नाही. कधी कधी शंतनुंचं मराठी दुरुस्त करतात.

कार्यक्रमाला आज अठरा दिवस झाले. आमचं घर पुन्हा उभं राहिलंय. पाणी आत येतं, बाहेर जातं. पहिल्यापेक्षा लहान आहे, जरा वाकडं आहे, पण आपलं आहे. एकच उणीव राहिली आहे. काचेच्या सुया घडवणाऱ्या फार थोड्या वाचल्या, त्यामुळे घराला कणा नाही, ते एका बाजूला बसत चाललंय.

परवा मी तिथून जात होते आणि थांबले. पुढं जावंसं वाटलं नाही. पाण्यात विरघळलेली वाळू मी थोडी थोडी गोळा करू लागले, आणि माझ्या पोटात काहीतरी लांबट, कडक आकार घेऊ लागलंय. आज सकाळी निधी सूक्ष्मदर्शकातून बघत होती. तिनं हाक मारली, “अज्जा, इथली एक हरकामी हलेनाशी झालीय. आजारी आहे का?”

बिंदुमाधवांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नाही ग. तिला काम लागलं.”

तेव्हा एवढंच सांगायचं होतं. ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही अशांना घाई करू नका, आणि तुमच्याहून वेगळ्या वळणानं कुणी तुमची भाषा बोललं तर पूर्ण वाक्य ऐकून घ्या. यापुढं मला फिरायला जमणार नाही, बोलायलाही फारसं सुचणार नाही. सुई अर्धी झाली आहे, आणि घर तिच्यासाठी खोळंबलंय.

चला, मी कामाला लागते.